बोधचिन्ह आधी पावतीवर उमटू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपालिकेत नवे सभागृह बसले, नगरपंचायतीची नगरपरिषद झाली किंवा शहराचे नाव बदलले, की काही आठवड्यांत वृत्तपत्रात एक छोटी जाहिरात येते: 'बोधचिन्ह स्पर्धा'. अटी बहुतेक ठिकाणी सारख्याच. चिन्हातून शहराचा इतिहास, संस्कृती, शेती, उद्योग, शिक्षण, पर्यावरण आणि स्वच्छता यांचे दर्शन घडावे. रचना रंगीत व आकर्षक असावी. ए-४ कागदावर छापून किंवा जेपीजी करून ई-मेलने पाठवावी. प्रथम क्रमांकास रोख रक्कम व सन्मानचिन्ह. सर्व हक्क पालिकेकडे राखीव. आम्ही छपाई, फलक आणि बोधचिन्हांच्या रेखनाच्या धंद्यातली माणसे. या स्पर्धांतून जे निघते ते शेवटी आमच्याच टेबलावर येते, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

चिन्हात काय काय असावे याची यादी जाहिरातीत असते. ते चिन्ह कशाकशावर उमटणार याची यादी मात्र कुठेच नसते. सगळे घोडे इथेच पेंड खाते. पालिकेचे चिन्ह समारंभाच्या बॅनरवर झळकते ते वर्षातून मोजक्या वेळा. नागरिकाला ते रोज दिसते घरपट्टीच्या बिलावर, पाणीपट्टीच्या पावतीवर, जन्म-मृत्यूच्या दाखल्यावर, परवान्याखालच्या शिक्क्यात, घंटागाडीच्या दारावर, टँकरच्या पाठीवर, सफाई कामगाराच्या जॅकेटवर, गटाराच्या झाकणावर आणि दाराला चिकटवलेल्या थकबाकीच्या नोटिशीवर. यातल्या बहुतेक जागी छपाई एका रंगात होते आणि जागा रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून कमी असते. म्हणजे ए-४ कागदावर, चार रंगांत, परीक्षकांच्या हातात जे छान दिसले, त्याची खरी परीक्षा झालेलीच नसते.

वसुली लिपिकाच्या हातातले पावतीचे यंत्र घ्या. त्यात ५८ मिलिमीटर रुंदीचा थर्मल, म्हणजे उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदाचा रोल असतो. छपाई होते ती मधल्या ४८ मिलिमीटरमध्ये आणि तेवढ्या रुंदीत ३८४ ठिपके बसतात, म्हणजे मिलिमीटरला ८. ठिपका एक तर काळा उमटतो नाही तर उमटतच नाही. करडी छटा हा प्रकार तिथे नाही. पावतीच्या डोक्यावर चिन्हाला १५ मिलिमीटर जागा दिली तर हातात आले १२० ठिपके. आता आपले नेहमीचे चिन्ह त्यात बसवून पाहा. बाहेर गोल, गोलात नावाची पट्टी, आत किल्ला, किल्ल्यामागे उगवता सूर्य, खाली नदी, एका बाजूला दातेरी चाक, दुसऱ्या बाजूला ज्वारीचे कणीस आणि मधोमध उघडे पुस्तक. नावाच्या पट्टीला जेमतेम वीस ठिपके येतात. वरची वेलांटी-रफार आणि खालचा उकार यांची जागा वजा केली की अक्षराच्या मुख्य अंगाला दहाच ठिपके उरतात. तेवढ्यात 'प' आणि 'य' सारखेच दिसतात. सूर्याची किरणे बुरुजांत मिसळतात, चाकाचे दाते भरून त्याची काळी टिकली होते, कणीस म्हणजे नुसता डाग. एका ठिपक्यापेक्षा, म्हणजे ०.१२५ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तर कधी उमटते, कधी गायब होते.

यावरून एक साधा नियम निघतो, आणि तो जाहिरातीतच छापता येईल: चिन्हाच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागापेक्षा कोणतीही रेघ बारीक नको आणि कोणतीही फट अरुंद नको. १५ मिलिमीटरच्या चिन्हात ही मर्यादा ०.३ मिलिमीटर येते, म्हणजे दोन-अडीच ठिपके. फट तर रेघेहून थोडी मोठीच ठेवावी, कारण कागद तापला की ठिपका जरा फुगतो. रबरी शिक्क्यातही हीच गत: शाई जास्त झाली की आधी बुजतात त्या फटी, रेघा नंतर. हा एक नियम लावला तरी स्पर्धेतल्या बहुसंख्य रचना पहिल्याच फेरीत बाहेर पडतील. पडू द्याव्यात.

गोलाभोवती नाव लिहिण्याचा आग्रह कुठून आला ते ठाऊक आहे. जुन्या मोहरा तशाच असत. पण नावे आता लांब झाली आहेत. 'छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका' यात १८ अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा. शिक्का २५ मिलिमीटर व्यासाचा धरला आणि अक्षरांची मध्यरेषा केंद्रापासून साडेदहा मिलिमीटरवर ठेवली, तर वरच्या अर्धवर्तुळाची लांबी ३३ मिलिमीटर भरते. एका अक्षराच्या वाट्याला सुमारे १.६५ मिलिमीटर. त्यात 'छ', 'त्र' आणि 'सं' बसवा आणि त्यावर शाईचा पॅड दाबा!

शिवाय देवनागरी आणि वर्तुळ यांचे मुळातच जमत नाही, हे रोमन अक्षरांवर शिकलेल्या नवख्या मुलांच्या लवकर ध्यानात येत नाही. कॉरल या रेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ वर्तुळावर बसवली की प्रत्येक अक्षर आपापले ताठ राहून नुसते फिरते. शिरोरेखा वळत नाही. वरच्या अर्धवर्तुळात अक्षरांची डोकी बाहेर फाकतात आणि शिरोरेखेत पाचरीसारख्या फटी पडतात. खालच्या अर्धवर्तुळात डोकी आत येऊन एकमेकांवर चढतात आणि वेलांटी शेजारच्या अक्षरात घुसते. मग ते झाकायला कोणी अक्षरांतले अंतर वाढवतो. त्याने शिरोरेखा पुरतीच तुटते आणि 'नगर'चे 'न ग र' होते. गोलातच लिहायचे असेल तर अक्षरांचे आधी कर्व्ह करून (म्हणजे टाइप केलेली अक्षरे नुसत्या आकृत्यांत बदलून), शिरोरेखा कापून टाकून, तिच्या जागी एक अखंड चाप काढावा आणि अक्षरांचे दांडे त्याला हाताने जुळवावेत. एका नावाला चांगले कारागीर असतील तरी दिवस जातो. त्यापेक्षा नाव चिन्हाच्या बाहेर, शेजारी किंवा खाली, सरळ ओळीत लिहावे. आमचे मत विचाराल तर हाच पर्याय नव्वद टक्के पालिकांना पुरे.

नाव बाहेर काढण्याचे दुसरे कारण जास्त व्यवहारी आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. इचलकरंजी आणि जालना या नगरपरिषदा महानगरपालिका झाल्या. नाव किंवा दर्जा बदलला की गोलात नाव कोरलेले चिन्ह अख्खे मोडून पुन्हा काढावे लागते. नाव वेगळ्या ओळीत असेल तर ओळ बदलते, चिन्ह तेच राहते, लोकांची ओळखही टिकते.

आता चिन्हात काय असावे. एकच गोष्ट. सात नव्हे, तीन नव्हे. जपानमधील शहरे आणि गावे याचे उत्तम उदाहरण आहेत. तिथे जवळपास प्रत्येक पालिकेला स्वतःचे एकरंगी, भूमितीने आखलेले चिन्ह असते. अनेकदा ते गावाच्या नावातल्या अक्षरावरूनच बांधलेले असते. ओसाका शहराने १८९४ मध्ये स्वीकारलेले चिन्ह म्हणजे खाडीतल्या बोटींना खोल पाण्याची वाट दाखवणारा लाकडी खांब. बस्स. व्यापार, बंदर, नदी, इतिहास सगळे त्या एका खांबात आले आणि तो लोखंडी झाकणावर जसा उमटतो तसाच कागदावर. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या राजचिन्हातील ढालीवरच्या तीन फुल्या पालिकेने आपल्या रोजच्या कारभारासाठी तशाच घेतल्या. त्या शहरात रस्त्याकडेच्या ओतीव खांबांवरही दिसतात. पोर्तुगालमधील पोर्टो शहराने २०१४ मध्ये नाव आणि त्यानंतर पूर्णविराम, एवढेच चिन्ह केले आणि सोबत निळ्या फरशांवरून सुचलेल्या रेखाचित्रांचा मोठा संच ठेवला: चिन्ह साधे, सजावट वेगळी. हे विभाजन आपल्याकडेही चालेल. किल्ला, कणीस, चाक, पुस्तक यांची रेखाचित्रे काढा, शाळेच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर, उद्यानाच्या फाटकावर खुशाल वापरा. बोधचिन्हात कोंबू नका.

मग सात गोष्टींतली कोणती निवडायची? या प्रश्नावरच सभागृहात वाद होतात आणि तडजोड म्हणून सगळ्याच घेतल्या जातात. निवडीची कसोटी अशी ठेवावी की ती गोष्ट शेजारच्या तालुक्याच्या गावाला लागू पडता कामा नये. उगवता सूर्य, नदी, दातेरी चाक, पुस्तक महाराष्ट्रात कुठेही चालतील. म्हणून ती कुठलीच ओळख देत नाहीत. गावातल्या वेशीची विशिष्ट कमान, घाटाच्या पायऱ्यांची रचना, तळ्याचा आकार, तिथल्याच वाड्याच्या तुळईवरची नक्षी, नाहीतर नावाचे पहिले अक्षर: इथून सुरुवात केली तर काही हाती लागते.

स्पर्धेतून चांगले निघतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. स्वच्छ भारत अभियानाचे २०१४ चे चिन्ह खुल्या स्पर्धेतूनच आले आणि ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केले. गांधीजींचा चष्मा, एवढी एकच वस्तू. आज ते नोटांच्या मागच्या बाजूला इवल्याशा आकारात छापले जाते आणि ओळखूही येते. भिंगांतली 'स्वच्छ भारत' ही अक्षरे त्या आकारात कष्टाने वाचावी लागतात, पण चष्मा चष्माच राहतो. चिन्ह शब्दांवाचून उभे राहते का, याची ती चांगली परीक्षा आहे.

ज्यांच्याकडे जुने राजचिन्ह किंवा मोहर आहे त्यांनी ती मोडीत काढू नये. मुंबई महानगरपालिकेच्या चिन्हाखालचे 'यतो धर्मस्ततो जयः' हे वचन सभागृहात, मानपत्रावर, ध्वजावर शोभते. ते १५ मिलिमीटरमध्ये वाचता यावे ही अपेक्षाच चुकीची. अशा ठिकाणी दोन पातळ्या ठेवाव्यात: समारंभासाठी पूर्ण चिन्ह आणि रोजच्या कामासाठी त्यातलाच एक भाग, नव्याने रेखलेला. पुष्कळ पालिकांना नवे चिन्ह नकोच असते. जुने चिन्ह झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून बिघडलेले असते, त्याचे नीट पुनर्रेखन पुरते. रेकॉर्ड रूममधल्या जुन्या ठरावांवरच्या मोहरा आधी तपासाव्यात. एकाच पालिकेत पाणीपुरवठ्याचा किल्ला तीन बुरुजांचा आणि कर विभागाचा पाच बुरुजांचा, हे आम्ही अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

अशोकस्तंभाविषयी स्पष्टच लिहायला हवे. कित्येक ग्रामपंचायतींच्या लेटरहेडवर तो छापलेला असतो आणि छापणाऱ्याला तो 'सरकारी' म्हणून योग्यच वाटतो. भारताच्या राजचिन्हाचा गैरवापर रोखणारा कायदा २००५ चा आणि वापराचे नियम २००७ चे. त्या नियमांत अधिकार न दिलेल्या ज्या संस्थांना लेटरहेड, बिल्ले, माहितीपत्रके यांवर राजचिन्ह वापरायला मनाई आहे, त्यांत नगरपरिषदा आणि पंचायत राज संस्थांचा नावाने उल्लेख आहे. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणून नव्या बोधचिन्हात सिंह, स्तंभ, 'सत्यमेव जयते' यांची उसनवारी करू नये.

कामाची पद्धत आम्ही अशी सुचवतो. पहिले तीन आठवडे कोणी काही काढायचेच नाही. कर, पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, जन्म-मृत्यू नोंदणी, अग्निशमन अशा प्रत्येक विभागाकडून महिनाभरात बाहेर जाणारा प्रत्येक छापील कागद, प्रत्येक शिक्का, प्रत्येक गाडीचा फोटो गोळा करून एका मोठ्या टेबलावर मांडावा. मुख्याधिकाऱ्यांनी आणि दोन-तीन नगरसेवकांनी तो डोळ्यांनी पाहावा. त्या टेबलावरून एक पानाचा मजकूर तयार होतो: कुठे, किती आकारात, किती रंगांत, कोणत्या यंत्रावर. तोच रेखनकाराला द्यायचा.

त्यानंतर खुली स्पर्धा घेण्यापेक्षा आधीचे काम पाहून तीन ते पाच रेखनकार निवडावेत आणि प्राथमिक आराखड्याचे मानधन सगळ्यांना द्यावे. बक्षीस एकाला आणि फुकटची मेहनत दोनशे जणांची, या पद्धतीत अनुभवी माणूस उतरतच नाही. निविदेने काम द्यायचे तर सर्वात कमी दर हा एकमेव निकष नको; गुणवत्तेला ७० आणि दराला ३० गुण ठेवता येतात. परीक्षक मंडळात चित्रकला शिक्षक आणि इतिहासाचे जाणकार असतातच. त्यांच्याबरोबर एक ऑफसेट छापणारा, देवनागरी अक्षरांचा एक जाणकार आणि वसुली विभागातला एक लिपिक असलाच पाहिजे. लिपिकाला चित्रातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पावतीवर काय वाचता येते ते त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

निवडीआधीच्या चाचण्या स्वस्त आहेत, दोन दिवसांत होतात. प्रत्येक रचना फक्त काळ्या रंगात ३०, १५ आणि ८ मिलिमीटर आकारात साध्या लेझर प्रिंटरवर छापा. १५ मिलिमीटरच्या प्रतीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिची पुन्हा एकदा काढा. सरकारी दाखल्याच्या नशिबी हेच असते. ५८ मिलिमीटरच्या यंत्रावर एक पावती काढा. एक रबरी शिक्का बनवून ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही पॅडवर मारा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे करून पाहा: नुसते उलटे केले तर चेहरा असलेले चिन्ह फोटोच्या निगेटिव्हसारखे भुतासारखे दिसते, त्याची पांढरी आवृत्ती वेगळी काढावी लागते. मोबाइलवर गोल चौकटीत लावून पाहा, कारण व्हॉट्सॲपचे चित्र गोलात कापले जाते आणि आडव्या रचनेची दोन्ही टोके उडतात. ब्राउझरच्या पट्टीत १६ पिक्सेलमध्ये नुसता ठसा कळला तरी पुरे. गाडीच्या दारासाठी ढोबळ हिशेब असा, की दर तीन मीटर अंतराला अक्षराची उंची एक सेंटीमीटर. ३० मीटरवरून टँकर कोणाचा हे वाचायचे तर १० सेंटीमीटर, आणि ही उंची शिरोरेखेपासून खालची, मात्रा सोडून. जॅकेटवर भरतकाम करायचे तर एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आणि आठ मिलिमीटरपेक्षा लहान देवनागरी अक्षर टाळावे, दोरा तेवढे सूक्ष्म वळण घेत नाही. झाकणाच्या ओतकामाला चार मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नको आणि कडांना उतार हवा, नाहीतर साचा उचलताना वाळू ढासळते. आमच्याकडच्या फाउंड्रीतला कोणताही पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचा नमुना घडवणारा, हे सांगेल.

रंगाचा विषय मुद्दामच शेवटी घ्यावा. सभागृहात रंगावरून पक्ष आठवतात आणि चर्चा भलतीकडे जाते. काळ्यात चिन्ह पक्के झालेले असेल तर निदान आकार तरी त्या वादातून वाचतो. दोनच रंग ठेवावेत, आणि ते चार ठिकाणच्या भाषेत लिहून ठेवावेत: ऑफसेटच्या चार शाईंची टक्केवारी, पडद्यासाठीचे आकडे, व्हिनाइलच्या (कापून चिकटवायच्या रंगीत प्लॅस्टिकच्या) शीटचा क्रमांक आणि तैलरंगाचा क्रमांक. शेवटचा नेहमी विसरला जातो. घंटागाडी रंगवणाऱ्या पेंटरला शाईची टक्केवारी सांगून उपयोग नाही. त्याला आयएस ५ या भारतीय मानकातला क्रमांक लागतो, उदाहरणार्थ सोनेरी पिवळा ३५६ किंवा सिग्नल लाल ५३७. तो नसेल तर प्रत्येक गाडीचा भगवा वेगळा होतो. उन्हातल्या फ्लेक्सवर पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी टिकते. म्हणून दोन उन्हाळ्यांनंतर जुने बॅनर निळसर दिसतात. कायमच्या फलकावर डिजिटल छपाईऐवजी रंगीत व्हिनाइल कापून लावावे. ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा), सावल्या, सोनेरी चमक फ्लेक्सवर निघते. शिक्का, स्क्रीन प्रिंटिंग आणि भरतकाम या तिन्हींत ती मरते.

अक्षरांबद्दल दोन गोष्टी. राज्य शासनाने २०२२ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे ठरवून दिली आहेत, तरी पालिकांच्या फलकांवर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' सर्रास दिसतात. दोष बहुधा फॉन्टचा नसतो. काही युनिकोड फॉन्टमध्ये मराठी रूपे असतातच, फक्त मजकुराची भाषा 'मराठी' निवडावी लागते. मुक्ता, नोटो, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा असे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. चोरीच्या फॉन्टवर पालिकेने ओळख उभारू नये. दुसरे, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधले नाव कर्व्ह न करता पाठवले की पुढच्या संगणकावर त्याची अगम्य इंग्रजी अक्षरे होतात, आणि मग छापणारा घाईत हाताशी असेल त्या फॉन्टमध्ये नाव पुन्हा टाइप करतो. बोधचिन्हाची सहा रूपे अशीच जन्मतात.

हक्कांबाबत 'सर्व हक्क पालिकेकडे राखीव' ही ओळ अपुरी आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचेच धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. आणि हस्तांतरणानंतर वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तेवढ्यापुरते हस्तांतरण रद्द होते. निवडलेले चिन्ह राजकीय वादात पडून राहणे आपल्याकडे नवे नाही. म्हणून विजेत्याकडून मुद्रांकित करारावर संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी आणि वापर लांबला तरी लागू असे हस्तांतरण घ्यावे. त्याच करारात रचना स्वतःची आहे, तयार चित्रसंचातून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून जशीच्या तशी उचललेली नाही, अशी हमी असावी. तयार संचातला किल्ला आज तुम्ही घेतला तर उद्या तोच एखाद्या मिसळ हाउसच्या पाटीवर दिसेल आणि तुम्हाला हरकतही घेता येणार नाही. चित्रावरून शोध घेण्याची सोय फुकट आहे. निकालाआधी पाच मिनिटे ती वापरावी.

सुपूर्द करताना काय घ्यायचे तेही लिहून ठेवा: कर्व्ह केलेली सीडीआर (कॉरलची) फाइल, तीही जुन्या आवृत्तीत साठवलेली, कारण गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांकडे जुनेच कॉरल असते, पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीचे पीएनजी, उभी आणि आडवी मांडणी, रंगीत, काळी, पांढरी, आणि आठ मिलिमीटरखालच्या वापरासाठी नाव नसलेली सोपी आवृत्ती. सगळे पालिकेच्या संकेतस्थळावर सहज सापडेल अशा पानावर ठेवावे. नाहीतर कंत्राटदार लेटरहेडच्या फोटोतून २०० पिक्सेलचे चिन्ह कापतो आणि तीन फुटांवर ताणतो; तेव्हा एकेक पिक्सेल साडेचार मिलिमीटरचा चौकोन होतो. कामाच्या आदेशातच 'चिन्ह संकेतस्थळावरील मूळ फाइलमधूनच घ्यावे, अन्यथा फलकाचे देयक अदा होणार नाही' अशी अट घातली की हा प्रकार एका महिन्यात थांबतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्यांच्या फोटोंच्या रांगेत पालिकेचे चिन्ह घालायलाही तिथेच मनाई करावी.

खात्यांना वेगवेगळी बोधचिन्हे देऊ नयेत. नॉर्वेतील ओस्लो महापालिकेत खाती आणि उपक्रम मिळून दोनशेहून अधिक चिन्हे झाली होती. २०१९ मध्ये ती एका ओळखीखाली आणावी लागली. पाणी, अग्निशमन, उद्यान, शाळा: चिन्ह एकच, खाली खात्याच्या नावाची ओळ.

अंमलबजावणीसाठी जुनी स्टेशनरी फाडायची गरज नाही. शिल्लक संपेपर्यंत वापरा, नवी मागणी नव्या चिन्हात नोंदवा, गाड्या पुढच्या रंगकामाच्या वेळी बदला, कार्यालयाची पाटी मात्र पहिल्या दिवशी. अपवाद फक्त शिक्क्यांचा. ठरावात एक तारीख ठरवून त्या दिवशी सगळे जुने शिक्के जमा करावेत, प्रत्येकाचा ठसा नोंदवहीत घेऊन ते नष्ट करावेत आणि नव्या शिक्क्यांचे ठसे त्याच नोंदवहीत समोर घ्यावेत. दोन्ही शिक्के एकाच वेळी चालू राहिले, तर दाखला खरा की खोटा हे पुढे कोणालाच ठरवता येणार नाही.

आपले,
बोधचिन्ह रेखन व छपाई व्यवसायातील काही वाचक,
कोल्हापूर